खांदा कुणाचा बुजला

आर्डिस टीडमनशी वाद घालू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तिच्या नवऱ्याला, हार्लनला, तर ते लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं. तो वाद घालतच नाही. गप्प बसतो. आणि नेमका त्याचाच तिला संताप येतो. "भिंतीशी बोलावं तर निदान आवाज तरी परत येतो," असं ती चर्चच्या पायरीवर उभं राहून, तो ऐकत असताना सांगते.

डिसेंबरात हरणांचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी सगळे टीडमन खडीच्या खाणीत नेम लावायला जमतात. त्या रविवारी तर ती सकाळपासूनच पेटलेली होती. हार्लन गाडी हळू चालवतो म्हणून, कॉफीच्या थर्मासचं झाकण नीट लावत नाही म्हणून, आणि मुख्य म्हणजे मागल्या सालच्या त्या मादीपायी. वर्ष होत आलं तरी ती मादी हिच्या डोक्यातून उतरली नव्हती, आणि हार्लनच्या डोक्यावरूनही हिनं ती उतरू दिली नव्हती.

बाई तशी लेचीपेची नव्हे. या घरात आली तेव्हा हंगामात बायकांचं काम एकच होतं. पुरुष रानातून परतले की यंत्रांच्या शेडमध्ये त्यांच्यापुढे चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याचं पातेलं आणि दालचिनीचे रोल ठेवायचे, आणि त्यांच्या बढाया ऐकायच्या. आर्डिसनं बरीच वर्षं ऐकल्या. मग एका साली ऐन हंगामात गायीनं सासऱ्याचा पाय मोडला आणि ओढ्याच्या वळणावरचं ठाणं रिकामं पडलं. हाकारे घळीतून रान उठवत येतात तेव्हा निम्मी हरणं त्या वळणावर बाहेर पडतात. तिथं माणूस नसेल तर हाका करून उपयोग काय? पुरुष डोकी खाजवत उभे राहिले. आर्डिसनं एप्रन काढून खिळ्याला अडकवला, सासऱ्याची बाराबोअर बंदूक उचलली आणि चालायला लागली. संध्याकाळी शेडमध्ये मोठा नर टांगलेला होता, एकाच गोळीत पाडलेला. मोडका पाय स्टुलावर ठेवून सासरा म्हणाला, "पोरी, ते ठाणं तुझं. मी मेल्यावरही तुझंच." शेत टीडमनांचं, आडनाव टीडमनांचं, पण ओढ्याचं वळण आर्डिसचं. त्या एका जागेला ती जितकं 'माझं' म्हणाली तितकं तिनं पोटच्या पोरांनाही म्हटलं नसेल.

बंदुकीच्या बाबतीत मात्र तिचा शब्द शेवटचा, हे खरं. आमच्याकडे हरणावर छर्रे झाडत नाहीत. काडतुसात एकच गोळी, अंगठ्याएवढी जाड, शिशाची. झाडली की खांद्याला घोड्याची लाथ बसते. पुरुष अजून आतून गुळगुळीत नळ्या घेऊन देवाच्या भरवशावर गोळ्या सोडत होते, तेव्हा आतून पिळाच्या खाचा पाडलेली नळी टीडमनांत पहिल्यांदा हिनं बसवली. त्या नळीला गोळीही वेगळी लागते, प्लॅस्टिकच्या टोपणातली. जुनी उघडी गोळी घातली तर शिसं खाचांत बसतं आणि मग पुढची गोळी कुठं जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

हार्लननंही मागल्या साली तशीच नळी घेतली. आणि गोळ्या कुठल्या घातल्या? जुन्याच! फडताळात पडून होत्या, वाया कशाला घालवायच्या! दोन नर त्याच्यासमोरून गेले आणि दोन्ही हुकले. आमच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापून शेडच्या तुळईला ठोकली. शर्ट शिवला होता आर्डिसनं, तोही नवाकोरा. शर्टाचं एक वेळ जाऊ द्या म्हणाली असती, पण त्याच दिवशी शेवटच्या हाक्यात ती मादी पोटात गोळी घेऊन पळाली. "माझी गोळी ती," म्हणत हार्लननं कुंपणाकडे, आपल्या ठाण्याकडे हात केला. सगळ्यांनी अंधार पडेपर्यंत शोधली, सापडली नाही. आमच्याकडे हुकण्याला हसतात. पोटात गोळी घालून जनावर हरवण्याला कुणी हसत नाही.

त्या संध्याकाळी हार्लनचा धाकटा भाऊ ड्वेन, जो शिकारीचा म्होरक्या, त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ज्याचा खांदा बुजला असेल त्याला पुढच्या साली ठाणं नाही. त्यानं हाकाऱ्यांत चालायचं, नाहीतर घरी बसायचं."

खांदा बुजणं म्हणजे काय ते आम्हाला सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं लाथा खाऊन शरीर शहाणं होतं. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा दचकतो, नळी खाली जाते. आणि गंमत अशी की ज्याचं होतं त्याला ते कळत नाही. धडाक्यात सगळं झाकलं जातं. म्हणून परीक्षा एकच. दुसऱ्यानं बंदूक भरायची, पाठ फिरवून. कधी खरं काडतूस, कधी मेलेलं. मेलेल्यावर चाप ओढला की नुसतं 'टक' होतं, आणि माणूस बुजलेला असला तर नळी सगळ्यांदेखत मान टाकते.

खाणीत गाडी थांबली तशी आर्डिस काठी टेकत उतरली. बाकीचे यायचे होते, ड्वेन तेवढा आधी पोचला होता. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून घळीत उतरणं तिला बंद झालं होतं. हाकाऱ्यांत चालणं तर विसराच. ठाण्यापर्यंत तिला गाडीतून सोडत.

"ड्वेन, आधी याची परीक्षा घे," ती नारिंगी टोपी कानांवर ओढत म्हणाली. "मला वर्षभर झोप नाही या माणसापायी."

"वहिनी, आल्या आल्या? कॉफी तरी घे."

"कॉफी कुठं पळून जात नाही. तुझा भाऊ जातो."

हार्लन टेबलाशी गेला. पोत्यांवर बंदूक टेकवून बसला. ड्वेननं पाठ फिरवून काडतूस भरलं आणि बंदूक त्याच्या हातात दिली. धडाम! कागदावर मधोमध भोक. पुन्हा भरलं. टक्. नळी जिथं होती तिथंच. पुन्हा टक्. टेबलावर ठेवलेला चमचा हलेल, पण ती नळी हलली नाही.

"बुजलेला नाही हा," ड्वेन म्हणाला. "नुसता चिकट आहे. यंदा गोळ्या तरी बऱ्या आणल्यास ना रे?"

"तिनंच आणल्या," हार्लन म्हणाला.

आर्डिसला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वर्षभर जो राग धरून ठेवला तो आता कुठं ठेवायचा, हा प्रश्न पडला. "हरणासमोर असा बसलास तर मानलं," ती पुटपुटली.

"चल वहिनी, आता तू."

"मी?" तिनं असं बघितलं की दुसरा कुणी असता तर खाणीतून चालता झाला असता. "मला परीक्षा? तुझी लाळ गळत होती तेव्हापासून मी..."

"तेव्हा तू चिली ढवळत होतीस. नियम सगळ्यांना सारखा. मीही देणार आहे."

"घे! घे बाबा परीक्षा. आणि झाल्यावर तोंड काळं करा दोघं."

ती बसली. गाल दस्त्याला लावला. धडाम! गोळी कागदाच्या खालच्या कडेला लागली. "बंदुकीवरची दुर्बीण हलली असेल गाडीत," ती म्हणाली. "याचं चालवणं!"

ड्वेननं बंदूक घेतली, पाठ फिरवली, परत दिली. तिनं श्वास सोडला, चाप ओढला.

टक्.

नळी कोंबडीनं दाणा टिपावा तशी खाली गेली.

"चाप जड झालाय," आर्डिस म्हणाली. "पुन्हा दे."

ड्वेननं पुन्हा दिली. टक्. नळी पुन्हा खाली. आणि या खेपेला तिचं तिलाही कळलं. धडाका नव्हता झाकायला. टक् वाजलं तेव्हा तिच्यासमोर कागद नव्हता, काहीच नव्हतं. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"वहिनी," ड्वेन म्हणाला. मोठ्यानं नियम सांगणारा माणूस, टोपी काढून हातात फिरवत राहिला.

आर्डिस उठली नाही. तिचं मन त्या शेवटच्या हाक्याकडे गेलं. पाच-सहा हरणं एकदम बाहेर आली होती. तिनं झाडली होती. मग तिनं सगळ्यांना छातीठोक सांगितलं होतं, माझी वरून गेली, समोरच्या काठावर माती उडालेली मी या डोळ्यांनी पाहिली. या डोळ्यांनी! माती उडाली असेल. गोळी मादीच्या पोटातून पार होऊन काठात गेली तरी माती उडतेच.

"हार्लन," ती म्हणाली. "त्या मादीवर तू किती झाडल्यास?"

हार्लन खडीकडे बघत राहिला.

"विचारतेय मी!"

"एकही नाही. माझ्याकडं ती आलीच नव्हती."

"मग 'माझी' का म्हणालास?"

"तुझी नळी खाली गेलेली मी कुंपणापासून बघितली होती. ड्वेन विचारत आला, कुणाची म्हणून. ठाणं गेलं असतं तुझं." त्यानं तिच्या काठीकडं बघितलं. "तुला चालवत नाही, आर्डिस. ठाणं गेलं की सगळंच गेलं असतं."

ड्वेननं तोंड फिरवलं. आता बाई रडेल, असं त्याला वाटलं असावं. तिला रडू आलंही होतं, पण संताप त्याच्या आधी वर आला.

"वर्षभर! वर्षभर मी तुला सोलून काढलं, जेवताना, झोपताना, चर्चच्या दारात, आणि तू ऐकून घेतलंस?"

"सवय आहे."

"गाढवा! ड्वेननं विचारलं, कुठं होती, तर तू हात कुठं केलास? कुंपणाकडं! आपण सगळे कुंपणाकडं रक्त शोधत बसलो. उजेड जाईपर्यंत. ती माझ्या ओढ्यात होती. काठी टेकत मी एकटीनं जाऊन शोधली असती तिला. दुसरी गोळी घातली असती, डोळे मिटून का होईना."

हार्लननं मान खाली घातली. त्याच्या गप्प बसण्यावर चिडायची तिला जन्माची सवय होती, पण या गप्प बसण्यात काय होतं ते आता तिला कळत होतं, आणि त्यानं ती आणखीच चिडली. कारण तिचं चुकलं होतं आणि त्याचंही, आणि दोघांच्या चुकांखाली ते जनावर रात्रभर पडून होतं.

"माझा मान राखलास," ती म्हणाली. "कुणी सांगितलं होतं राखायला?"

तिनं बंदूक उघडून बघितली, मेलेलं काडतूस काढून ड्वेनच्या तळहातावर ठेवलं. "ठाणं सोडलं मी. तू सांगायच्या आधी मीच सांगते, म्हणजे तुला ते टोपीशी खेळत उभं राहायला नको." मग बंदूक हार्लनकडे धरली. "शनिवारी वळणावर तू. ही घेऊन जा, तुझ्या बंदुकीपेक्षा बरी आहे."

"आणि तू?"

"मी गाडीत, वरच्या रस्त्यावर. काच खाली करून. गोळी झाडलीस की लागली, हुकली, कुठं लागली, सगळं ओरडून सांगायचंस. तिथंच, तेव्हाच. मला ऐकू आलं पाहिजे."

"सांगेन," हार्लन पुटपुटला.

"काय?"

"सांगेन!" तो ओरडला. लग्नानंतर पहिल्यांदा.