नळाच्या तळाचा आकडा

आमच्या कारखान्यात पितळी नळ घासून चकचकीत करणाऱ्याला सगळे 'आरसा' म्हणत. त्याच्या हातच्या नळात बघून दाढी करता यायची. मी पॅकिंगला होतो, आणि राहायलाही आम्ही एकाच जिन्यावर. त्याच्याबद्दल लिहावं असं फार दिवस मनात होतं. जमेल तसं लिहितो.

दोन बड्या देशांची जुंपली तेव्हा मालक खुशीत होते. "दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ! ऑर्डरी आता आपल्याच." खरंच आल्या. सहा महिने ओव्हरटाइम चालला. त्या जोरावर आरशाने शेजारची रिकामी खोली भाड्याने घेतली. तोवर एका खोलीत पाच माणसं. नर्सिंगच्या परीक्षेला बसणारी मुलगी मोरीच्या उंबऱ्यावर बसून वाचायची.

"काका, आता दार लावून बसते! हाक मारली तर म्हणते, अभ्यास चाललाय." आरशाचा सूर तक्रारीचा, चेहरा मात्र फुललेला.

मग माल घेणाऱ्या देशाने नवा नियम काढला. नळात त्यांच्या वैऱ्याकडचं पितळ नको. आमचं पितळ तिकडचं नव्हतंच. ते ओळखता यावं म्हणून ओततानाच नळाच्या तळाशी, भिंतीला लागणाऱ्या बाजूवर, बारीक आकडा उमटवायचा, आणि तो स्वच्छ वाचता आला पाहिजे, असं पत्र आलं. ओतणाऱ्यांना सांगितलं गेलं. आरशाला कोणी सांगितलं नाही. पत्र ऑफिसच्या फायलीत जाऊन बसलं.

"भिंतीला लागणारी बाजू कशाला घासतोस रे?" मी त्याला कैकदा विचारलं होतं.

"खडबडीत लागलं की हाताला चैन पडत नाही, काका."

नऊ हजार नळ बंदरावरून परत आले. आकडा एकावरही नव्हता.

"तुझ्या हौसेपायी बुडालो!" फोरमन ओरडला.

"साहेब, पंधरा वर्षं पाठ थोपटलीत, तेव्हा नव्हती ती हौस?"

"तोंड वर करून बोलू नकोस."

ऑर्डर दुसरीकडे गेली. सगळ्यांना आठवड्यात तीन दिवस काम उरलं, आरशाला दोन. ते नळ मीच एकेक करून कागदात गुंडाळले होते. मलाही कोणी काही सांगितलं नव्हतं. हे फोरमनच्या कानावर घालायला हवं होतं. एकदा केबिनपर्यंत गेलो.

"काय हो?"

"सुतळी संपत आलीय," म्हणालो, आणि परत आलो.

परीक्षेला अकरा दिवस असताना त्यांनी ती शेजारची खोली सोडली. कॉट बाहेर काढताना एक टोक मी धरलं होतं. आरशाची बायको दारातच उभी होती.

"भांडणं त्यांची, आणि बिऱ्हाड आमचं हलतंय," ती म्हणाली. "आम्ही आहोत हे तरी ठाऊक आहे का त्यांना?"

"त्यांचं सोड," आरसा म्हणाला. "कॉट तिरकी धर."

मुलगी पुस्तकं छातीशी धरून माझ्याकडे आली. "आजोबा, तुमच्याकडे बसू? कोपऱ्यात बसेन."

माझ्याकडेही एकच खोली. मुलगा, सूनबाई, दोन नातवंडं. तरी म्हणालो, "बस." धाकट्याने टीव्ही लावला होता. आवाज कमी कर म्हटलं, तर त्याने नावापुरता केला. मुलीने कानांत बोटं घातली आणि वाचू लागली. पान उलटायला तेवढं एक बोट काढायची.