तपासणीस बाईंची साडी

आमची मराठी शाळा सुरतेत, लूमवाल्यांच्या, म्हणजे यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत होती. नव्वदीच्या शेवटी परदेशातल्या कुठल्याशा प्रकल्पातून तिला तीन कॉम्प्युटर मिळाले आणि त्यांवर इंग्रजी शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पद्धत नवी होती. धडा पाठ करायचा नाही, काम करायचं. एका पडद्यावर गाड्यांचं अर्धं वेळापत्रक, दुसऱ्यावर उरलेलं. दोघांनी एकमेकांना इंग्रजीत विचारून रिकाम्या जागा भरायच्या.

वर्षभराने तपासणीला एक गोऱ्या बाई येणार होत्या. त्यांना पटलं नाही, तर कॉम्प्युटर परत. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, एक पोरगं जरी अडखळलं, तर तिन्ही डबे गेले म्हणून समजा."

मी महिनाभर त्याच वेळापत्रकाची अशी तालीम घेतली की आवारात चरणारी शेळीसुद्धा भुसावळची गाडी सुटायच्या वेळी मान वर करू लागली.

बाई आल्या त्या आदल्या दिवशी इथंच घेतलेली साडी नेसून. पोरं बसली आणि कुणी कुणाला काही विचारलंच नाही. अर्ध्या मिनिटात सगळ्या जागा भरून हाताची घडी घातली. विचारलं का नाहीस, असं बाईंनी एकाला विचारलं.

"आय नो," तो म्हणाला.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते, म्हणून मी शेळीकडे बघू लागलो.

तेवढ्यात पुढची एक मुलगी उठली. वडील खानदेशातून येऊन लूम चालवायचे, आई घरी साड्यांचे लोंबते धागे कापायची. तिने बाईंचा पदर चिमटीत धरून उजेडाकडे केला.

"मॅडम, साडी सेकंड माल. हिअर थ्रेड कट. विच शॉप?"

बाईंनी दुकान सांगितलं. दोषाचा माल चांगल्याच्या भावात खपवण्यात ते प्रसिद्ध होतं; अख्खा वर्ग हळहळला. मग बिल आहे का, उघडून दाखवली होती का, असे इंग्रजीत प्रश्नांवर प्रश्न सुटले. पोरांनी कॉम्प्युटरवर दुकानदाराला तक्रारीचं पत्र ठोकलं. त्यात क्रियापदं कमी आणि धमक्या जास्त होत्या. बाई शब्द पुरवता पुरवता चहा विसरल्या, आणि तो चहा इतका गोड होता की सुरतेत तो विसरलेलं दुसरं कुणी मला माहीत नाही.

कॉम्प्युटर राहिले.

पुढच्या वर्षी दुसरे साहेब येणार असं कळताच मुख्याध्यापक बाजारातून शोधून शोधून एक विणीत दोष असलेला शर्टपीस घेऊन आले.

"सर, साहेबांना आल्या आल्या हा भेट देऊ. पोरांकडून तक्रार आत्तापासूनच पाठ करून घ्या."