कडुनिंबाला बांधलेला दोर

आमच्या वाचनालयात पुस्तकं कमी आणि मतं जास्त. बरीच वर्षं ते मीच चालवते, म्हणून अधिकारानं सांगते. पुस्तक वेळेवर परत करणारा विरळा, पण न वाचता मत देणारे रोज भेटतात. तरी सुकन्याचं आत्मचरित्र आलं तेव्हा गावानं खरोखर नंबर लावले. सुकन्या म्हणजे पोहण्यात देशासाठी पदकं आणणारी मुलगी. ती गेवराईची, पण आजोळ आमचं, इथं पाटोद्याजवळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती यायची आणि पोहायला शिकली ती आमच्याच गावात, बंकटमामांच्या विहिरीत.

बंकटमामा मेंढरं राखतात. बोलणं जेवढ्यास तेवढं. गावातली निम्मी पोरं त्यांनीच पाण्यात तयार केली. पद्धत साधी होती. पोराच्या कमरेला दोर बांधायचा आणि वरचं टोक मामांनी काठावर उभं राहून धरायचं. रोज दोर थोडा जास्त ढिला सोडायचा, पोराला कळू न देता. मुलींच्या वेळी मात्र मामांची एक रीत होती. मुली ओल्या कपड्यांत असायच्या, म्हणून ते काठावरच्या कडुनिंबाआड, विहिरीकडे पाठ करून उभे राहायचे. मुलींना दोर बांधायला खाली पायरीवर त्यांची बायको साखराबाई बसायच्या. त्या म्हणाल्या ‘सोडा’ की सोडायचं, ‘ओढा’ की ओढायचं. बाकीचं त्यांच्या हाताला कळायचं.

पुस्तक आल्याचं कळताच साखराबाईंनी गावभर करून टाकलं की मालकांचं नाव छापून आलंय. पाटोद्याच्या बाजारात सांगितलं, मांजरसुंब्याला लेकीच्या सासरी फोन करून सांगितलं. पुस्तक त्यांनी पाहिलंही नव्हतं. मामा त्यांच्यावर चिडायचे, गप बस म्हणायचे. पण वाचनालयात पुस्तकाचं वाचन ठेवलं त्या दिवशी तेच मामा धुतलेला पटका बांधून आले आणि एरवी दाराजवळ बसणारा हा माणूस चक्क पहिल्या रांगेत बसला. तेव्हाच मी ओळखलं, नावाची आस बायकोपेक्षा यांनाच जास्त आहे.

पुस्तकाच्या शेवटी सुकन्यानं एक नंबर दिला होता आणि वाचकांनी आपलं मत आवाजात पाठवावं असं लिहिलं होतं. म्हणून ठरलं की बालपणाचं प्रकरण मी मोठ्यानं वाचायचं आणि मग मतं फोनवर रेकॉर्ड करायची. पण धीर कुणाला? बियाण्याच्या दुकानाचा सोमनाथ आधीच सुरू झाला. पुस्तक फार प्रेरणादायी आहे, वाचल्यापासून आपण पहाटे उठतो, पण उठून काय करायचं ते तिनं कुठंच दिलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. माजी सरपंच रामेश्वर यांची तक्रार वेगळी. अख्ख्या पुस्तकात गावाचं नाव एकदाच, तेही पाणीटंचाईत. त्यांच्या काळात झालेल्या सिमेंटच्या रस्त्याबद्दल एक ओळ नाही. दोघांनीही पुस्तक नुसतं चाळलेलं, आणि नंबरांच्या गर्दीत माझंही वाचायचं राहिलेलं. मी दोघांनाही गप्प केलं आणि वाचायला लागले.

प्रकरण गोड होतं. विहिरीतले पारवे आले, शेवाळलेल्या पायऱ्या आल्या, पायरीवरून ओरडणाऱ्या साखरामामी त्यांच्या शेंगदाण्याच्या लाडवांसकट आल्या. साखराबाई लाजून पदर सावरत होत्या. मग पुढची वाक्यं आली: ‘माझ्या कमरेचा दोर वर कडुनिंबाला बांधलेला असायचा. रोज तो ढिला वाटायचा आणि मला वाटायचं, मीच हलकी होत चालले आहे. त्या झाडानं मला बुडू दिलं नाही.’

मी पान उलटलं. पुढे थेट जिल्ह्याची स्पर्धा होती. मागचं पानही पुन्हा पाहिलं. मामा कुठेच नव्हते.

रामेश्वर खवळले. असलं कसलं पुस्तक, म्हणाले, परत पाठवा. सोमनाथ म्हणाला, बांधलेला दोर आपोआप ढिला कसा होईल, एवढं तरी पोरीला सुचायला हवं होतं. मलाही राग आला होता. पारवे आठवतात आणि माणूस आठवत नाही? पण मग लक्षात आलं, तिला तो दिसणार कुठून? पाण्यातून वर पाहिलं की फक्त कडुनिंबच दिसत असणार, आणि ‘सोडा’, ‘ओढा’ हे तिला पोहण्याचेच धडे वाटले असणार. आणि साखराबाई, ज्यांचं नाव पुस्तकात आलं होतं, त्या चोरी सापडल्यासारख्या खाली बघत बसल्या होत्या.

मामांनी मला ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

“झाड तर झाड,” ते म्हणाले. “हललो न्हाई म्हनून तर झाड वाटलो. हलनाऱ्याच्या हाती पोर कोन देतंय?”

सगळे हसले. मामाही मनापासून हसले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं, यात मला शंका नाही. पण रेकॉर्डिंगसाठी फोन पुढे केला तेव्हा त्यांनी ‘लई चांगलं लिवलंय पोरीनं’ एवढंच सांगितलं आणि हळूच उठून दाराजवळच्या जागेवर जाऊन बसले. मला वाईट वाटलं. साखराबाईंची नजर त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

मग मी फोन साखराबाईंपुढे धरला. त्यांनी पुस्तक चांगलं आहे म्हटलं. लाडू शेंगदाण्याचे नव्हते, तिळाचे होते, ही दुरुस्तीही सांगितली. आणि थांबल्या. त्यांच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. नंतर मालक, नाहीतर थोरल्या लेकाच्या नावानं ‘सोमेश्वरचे बाप’. रेशनच्या दुकानातसुद्धा त्या शेजारणीला सांगायला लावतात. रेकॉर्डिंग चालूच होतं. मामा दाराजवळून म्हणाले, बास की आता.

साखराबाईंनी तिकडे पाहिलं नाही. फोन माझ्या हातातून घेतला.

“सुकन्या, ते झाड न्हवतं बाई. झाडामागं मानूस व्हता. तुझ्याकडं पाठ करून उभा ऱ्हायचा, म्हनून तुला दिसला न्हाई.” त्यांनी फोन तोंडाजवळ नेला. “त्यांचं नाव बंकट.”

आणि दाराजवळून, कुणी हाक मारल्यासारखी, मामांनी ‘ओ’ दिली.