तिघांसाठीचा पडदा

'माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता' असं कुणी लिहिलं की मी स्वतःच हसायचो. आज तेच वाक्य मला लिहावं लागतंय. पण माझं खरंच तसं होतं. नाटक कंपनीत मी पडदे रंगवायचो आणि ओढायचो. स्मशान, राक्षसाची गुहा, यमाचा दरबार... सगळं आम्हीच सरसाची खळ आणि रंग कालवून कापडावर उभं करायचो आणि खेळ संपला की गुंडाळून ठेवायचो. ज्यानं यम स्वतः रंगवलाय, त्याला यमाची भीती कसली? पाचवीतून शाळा सोडलेला माणूस आहे मी, लिहिण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. घडलं ते मात्र जसंच्या तसं लिहितोय.

मी मालवणकडचा. आमची कंपनी गोंदियाला मुक्कामाला होती तेव्हा मी तापानं पडलो. कंपनी पुढे रायपूरला गेली – मला धर्मशाळेच्या ओट्यावर सोडून. गोंदिया तेव्हा मध्य प्रदेशात होतं. बाजारात हिंदी चालायची, आणि खेड्यातल्या माणसांची मराठी मला निम्मीच कळायची. बाजाराला आलेल्या, जवळच्या मुर्री गावच्या एका बाईनं मला पाहिलं आणि पोराला म्हणाली, "तुळशीराम, ह्याले गाडीत टाक. इथं मरून राहिला ना हा!"

तिला सगळे मायच म्हणत. नवरा कधीच गेलेला, थोडी धानाची जमीन, आणि हा एकुलता एक तुळशीराम. तिनं मला पेज पाजली. आमच्याकडेही पेजच म्हणतात. तो पहिला घोट तोंडात गेला आणि मी रडायला लागलो. माय म्हणाली, "रडून काऊन राहिला रे कोकण्या? मीठ जास्त झालं का?"

ताप उतरल्यावर स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत मला काम मिळालं. मालक बाबूजी, जबलपूरकडचे. मी पडद्यांच्या डागडुजीसाठी लागलो आणि हळूहळू फोटोच्या काचेच्या प्लेट धुणं, मग फोटो काढणंही शिकलो. राहायला मायच्याच पडवीत होतो.

आता पडद्यांचं सांगतो. लग्न असो, साखरपुडा असो की साहेबाच्या बदलीचा निरोप – फोटोआधी गिऱ्हाईक मागे सोडायचा पडदा निवडायचं. महालवाला, बागवाला, तळ्यावाला. आणि एक दरबानवाला. त्यावर महालाचं दार, दगडी खांब, आणि खांबापाशी लाल फेट्याचा, मोठ्या मिशांचा दरबान उभा. उजव्या हातात भाला, डावा हात कमरेच्या शेल्यावर. बाबूजींनी तो कलकत्त्याहून आणलेला. हा पडदा फक्त तिघांसाठी. इकडे तिघांचा फोटो काढत नाहीत, त्यातला एक जातो म्हणतात. मग तिघं जण आले की दरबानाचा पडदा लावायचा. दरबान धरून चार झाले! कुणी ही युक्ती काढली माहीत नाही, पण लांब दवनीवाड्याहून लोक येऊन विचारायचे, "दरबानवाला है ना?" मला हसू यायचं. रंगवलेला माणूस मोजतात म्हणजे काय!

एकदा दवनीवाड्याचे तिघे भाऊ आले. फोटो बाबूजींनी काढला, प्लेट मी धुतली. कागदावर चित्र उमटलं तेव्हा तिघे भाऊ होते, दार होतं, खांब होता... दरबान नव्हता. मी बाबूजींना दाखवलं. ते म्हणाले, "धुलाई में उड़ गया होगा. ध्यान कहाँ रहता है तेरा?" मलाही वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पावसाळा सरला आणि त्यातले दोघे भाऊ पुन्हा दुकानात आले. त्यांना मधल्याचा एकट्याचा फोटो मोठा करून हवा होता. हार घालायला.

  योगायोग असतो, असं म्हणून मी तो मोठा फोटो केला.

त्यानंतरच्या वैशाखात तुळशीरामचं लग्न झालं. सून यमुना, फार कमी बोलणारी. लग्नाची हळद निघाली नव्हती तोच माय दोघांना घेऊन स्टुडिओत आली. अंगावर नवं लुगडं, डोक्याला तेल. म्हणाली, "ह्याच्या बापाचा एक फोटो नाही. पोराले बापाचं तोंड ध्यानात नाही. माझं तरी राहू दे." आणि लगेच, "आमी तिघं आहो, तर तो भालेवाला लाव."

पडद्याची दोरी मी हातातच धरून ठेवली. म्हटलं, "माय, शेजारचं एखादं लेकरू बोलावू का चौथं?"

"दुसऱ्याच्या लेकराले आपल्यासाठी कायले उभं करू? भालेवाला आहे ना फुकटचा!"

तुळशीराम हसला. "त्याले जेवायले बी नाही लागत."

मी पडदा सोडला. भर दुपार होती, छताच्या काचांतून ऊन येत होतं. माय मधे खुर्चीवर, तुळशीराम आणि यमुना दोन बाजूंना. मागे डावीकडे खांब, खांबापाशी दरबान – भाला, फेटा, मिशा, सगळं जागच्या जागी. मी मुद्दाम नीट पाहून घेतलं आणि मग कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, पाय वर आणि डोकी खाली. ते सवयीचं होतं. तिघं दिसली. खांब दिसला. दरबान नव्हता.

मी कापडातून बाहेर आलो. दरबान उभा होता. पुन्हा आत गेलो. नव्हता! आणि नुसती जागा रिकामी नव्हती... तिथं पायऱ्या दिसत होत्या. मी त्या पडद्याची किती वेळा डागडुजी केली होती. दरबानाच्या मागे पायऱ्या कुणी रंगवलेल्याच नव्हत्या.  कापडात मी एकटाच होतो, तरी कुणीतरी जवळ उभं राहून माझ्याबरोबर काचेत बघतंय असं वाटलं. सरसाचा ओला वास आला. तो पडदा रंगवून पंधरा-वीस वर्षं तरी झाली असतील... त्याला ओला वास कसा येईल?

दवनीवाड्याच्या मधल्या भावाचं तोंड डोळ्यांपुढे आलं. ही तिघं म्हणजे माझं या मुलखातलं सगळं घर. ह्यातलं कोण जाणार? माय? तुळशीराम? कालपरवा ह्या घरात आलेली ती पोर?

"मी फोटो नाही काढणार," मी म्हणालो.

"काऊन?" माय भडकली. "माझं तोंड वाकडं आहे का?"

बाबूजी आतून आले. "क्या हुआ? भूत देख लिया क्या?" त्यांनी कापडात डोकं घातलं, बाहेर काढलं. "सब ठीक तो है. दरबान, खंभा... बराबर."

त्यांना दिसत होता.  खरं सांगितलं असतं तर लग्नाच्या आनंदात मायच्या घरात भीती घातली असती, आणि वेडा म्हणून माझी नोकरीही गेली असती. मग तोंडातून एवढंच निघालं, "मीच राहतो चौथा. फोटो बाबूजी काढतील."

मायचा राग कुठल्या कुठे गेला. "असं सांग ना बापा! फोटोत यायचं होतं तर लाजून कायले राहिला?" तिनं मला हाताला धरून तुळशीरामच्या मागे, खांबापाशी उभं केलं. दरबान आता माझ्या पाठीशी, उजव्या अंगाला होता.

बाबूजी म्हणाले, "हिलना मत." लेन्सची टोपी निघाली. त्या काळात टोपी निघाली की पुन्हा लागेपर्यंत पुतळ्यासारखं उभं राहायचं. हललं की प्लेट वाया. आणि तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्यावर काहीतरी येऊन टेकलं. जड, दमट... पाणी मारलेल्या कापडाच्या घडीसारखं. मग त्याची बोटं वळली. एकेक करून. मला ओरडायचं होतं, वळून बघायचं होतं. पण मी हललो तर फोटो बिघडेल, पुन्हा काढावा लागेल आणि पुन्हा ही तिघंच उभी राहतील, एवढंच डोक्यात होतं. मी श्वास धरून उभा राहिलो. टोपी लागली. खांदा हलका झाला.

वळून पाहिलं. दरबान पडद्यावर होता, डावा हात शेल्यावर.

प्लेट मी त्याच दिवशी धुतली. नाही धुतली असती तर झोपच आली नसती. लाल दिव्याखाली कागदावर आधी मायचं लुगडं उमटलं, मग तुळशीराम, यमुना, मग मी – डोळे फाटलेले. आणि माझ्या मागे दरबान. मला इतकं हायसं वाटलं की मी भिंतीला टेकून खालीच बसलो. मग कागद पुन्हा हातात घेतला. उजव्या हातात भाला होता. डावा हात शेल्यावर नव्हता. तो माझ्या खांद्यावर होता, बोटं वळलेली.

बाबूजींनी तो फोटो दारात नेऊन उजेडात बराच वेळ पाहिला. ह्या वेळी 'धुलाई' म्हणाले नाहीत. "पर्दा ऊपर डाल दे," एवढंच म्हणाले.

त्याला आता काही वर्षं झाली. गोंदिया मुंबई राज्यात आलं. माय ठणठणीत आहे, तुळशीरामला दोन पोरं झाली. तो फोटो मुर्रीच्या घरात भिंतीतल्या देवळीशेजारी टांगलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला माय कौतुकानं सांगते, "हा आमचा कोकण्या, अन् हा त्याचा भालेवाला." खरी गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. मी आता दुकानातच राहतो, दर रविवारी तिच्याकडे जेवायला जातो आणि फोटोकडे पाठ करून बसतो.

मागच्या रविवारी यमुनेनं मला भात वाढला. माय अंगणात होती. वाढता वाढता ती हळूच म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी तुमी घामानं भिजून राहिले होते. मी पाहिलं होतं." मग फोटोकडे बघून, "तो तुमाले राखून राहिला, का धरून राहिला?"

  ह्याआधी मी डॉक्टरांकडून डोळे तपासून घेतले होते, फोटोतल्या जाणकारांना विचारलं होतं, कुणी काही सांगू शकलं नाही. बाबूजी थकलेत, दुकान आता मीच बघतो. तिघं जण आले आणि त्यांनी दरबानवाला मागितला की सांगतो, उंदरांनी खाल्ला. खरं तर तो माळ्यावर गुंडाळून ठेवलाय. कितीदा वाटलं, जाळून टाकावा. एकदा अंगणात आणून रॉकेलही ओतलं होतं.

काडी ओढायला हात वर केला, आणि उजवा खांदा जड झाला.