धनश्रीचं धाबं

धनश्री अमळनेरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन सुरतच्या लिंबायतला आली, तेव्हा तिच्याकडे सिव्हिलचा डिप्लोमा होता. गुजराती मात्र अजिबात येत नव्हती. जवळच्या उधन्यातल्या, इमारतींची गणितं करणाऱ्या एका ऑफिसाने तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मुदत संपल्यावरच्या सोमवारी ठरणार होतं.

काम असं, की आर्किटेक्टकडून इमारतीचं संगणकातलं मॉडेल यायचं. ते इथल्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना प्रत्येक गुजराती नावापुढे तक्त्यात दोन रकाने भरायचे: वस्तू कोणत्या वर्गातली आणि कशाची बनलेली. 'दीवाल'पुढे भिंत, वीट. 'थांभलो'पुढे कॉलम, काँक्रीट. त्यावरूनच इंजिनिअर वजन काढायचा, आणि पुढच्या फायलींनाही तोच तक्ता लागायचा.

नवागामच्या कामगारांच्या खोल्यांच्या फायलीत सगळ्यात वर एक नाव होतं, 'धाबुं'. धनश्रीला हसूच आलं. माहेरचं धाबं, मातीचं सपाट छत! दरवर्षी वर खारी माती टाकायची, खाली ऐन उन्हाळ्यात गार झोपायचं. आर्किटेक्ट शहाणा दिसतोय, असं म्हणत तिने भरलं: छताचं आवरण, माती.

दोन महिन्यांनी एका सकाळी नळावर शेजारच्या सखुबाई घाईत दिसल्या. त्या लिंबायतमधल्याच एका बांधकामावर जात.

"काकू, एवढ्या लवकर?"

"आज धाबं भरनं शे ना. मिक्सरनी गाडी ई ऱ्हायनी."

"मातीला मिक्सर?"

"कसानी माती व माय! सिमेंट! आठे सुरतमा स्लॅबलेच धाबं म्हंतस. शिकेल बाई तू, नि तुले इतलंबी मालूम नही?"

सखुबाई हसत राहिल्या. धनश्रीची बादली भरून वाहायला लागली तरी तिला कळलं नाही.

ऑफिसात तिचं काम संदीपभाई तपासायचा. त्याने ऐकलं आणि आवाज खाली आणला.

"त्या फायलीवर माझी सही आहे. तक्ता गुपचूप बदल, पुढच्या फायली बरोबर येतील."

"आणि नवागाम?"

"इंजिनिअर लोक थोडं जास्तीचं धरतातच. येता सोमवार विसरलीस का?"

"अख्ख्या स्लॅबचं वजन कमी धरलंय, संदीपभाई. वर पाण्याच्या टाक्या. खाली माणसं झोपणार."

"तू काय त्यांची आई आहेस?"

ती उठली आणि मालकीणबाईंच्या, चंचलबेनच्या केबिनमध्ये गेली.

चंचलबेननी सगळं ऐकून आधी साइटवर फोन लावला. तळमजल्याचे कॉलम दुसऱ्या दिवशी भरायचे होते. "काम ऊभुं राखो," त्या एवढंच म्हणाल्या आणि काम थांबलं.

दोन दिवसांत नवी गणितं आली. कॉलम जाड झाले, लोखंड वाढलं, आणि बांधणाऱ्या पार्टीला लेखी कारण हवं झालं. चंचलबेननी दोघांना बोलावलं.

"चूक कोणाची लिहू? सही संदीपची पण आहे."

संदीपभाई खिडकीबाहेर बघत राहिला.

"शब्द मी चुकीचा समजले, बेन. माझंच नाव लिहा."

"लिहिलं, तर सोमवारी तुला ठेवता नाही येणार, दीकरी. पार्टी विचारेल मला."

"माहीत आहे."

"परत विचारते."

"लिहा."

"पूरं नाव बोल."

"धनश्री योगेंद्र पाटील."

चंचलबेननी ते टाइप केलं, तिला वाचून दाखवलं आणि पत्र पाठवून दिलं.