अंगणाची माती

शेजारी अंगण सारवलं की ओल्या शेणमातीचा वास येतो आणि मला रोह्यातली ती सकाळ आठवते. पेणचं घर थोरल्या भावाने बळकावलं होतं. तो राग अजून गेलेला नाही. नव्या घरी बायको गप्पच असायची. माहेरी निघून जाईल, अशी मला धास्ती होती.

अंगणात घालायला मातीची गाडी आली. मी गाडीवाल्याशी घासाघीस करत होतो, तोच मिठागराकाठी वाढलेली माझी बायको बाहेर आली. चिमूटभर माती जिभेवर ठेवून थुंकली.

"खाडीची हाय ही. अंगण ओलंच राहील. परत न्या!"

"वहिनी, चार दिवस कळ काढा, सुकंल."

"चार दिवस? मला हितं जन्म काढायचाय!"

मी पुढची घासाघीस तिच्यावर सोडली आणि पायरीवर निवांत बसलो.