रायनो लाहतीने आखलेलं सत्र

अमेरिकेतल्या टॅमरॅक फॉल्सच्या विद्यापीठात परदेशातून एका सत्रापुरती पोरं येतात. त्यांची पहिली गाठ पडते त्यांचं सत्र आखून देणाऱ्या रायनो लाहतीशी, आणि त्या गाठीतच निम्मी पोरं गारठतात. त्याचं नाक आधी डावीकडे गेलंय आणि मग विचार बदलून उजवीकडे वळलंय. पुढचे दात बसवलेले. बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी. असा हा साठी उलटलेला राक्षस टेबलामागून मायेने विचारतो, "काय रे बाळा, सकाळी आठचा तास घेतलास? खुळा का काय तू? डिसेंबरात इथे आठला सूर्यसुद्धा अंथरुणात असतो!"

तरुणपणी रायनो बर्फावरची हॉकी खेळायचा. खेळायचा म्हणणं जरा कौतुकाचंच झालं, कारण चकती जाळ्यात घालणं त्याला बापजन्मात जमलं नाही. त्याचं काम एकच. आपल्या एखाद्या किरकोळ गड्याला समोरच्याने आडवा केला, की बर्फावर उतरायचं, हातमोजे टाकायचे आणि त्या समोरच्याचं थोबाड रंगवायचं. खेड्यापाड्यांतला प्रत्येक संघ असा एक गडी पाळायचा. एकदा त्याने एकाचं नाक फोडलं आणि त्याने रायनोचे दात पाडले. मग दोघं एकाच बाकड्यावर रक्त गाळत बसले. डॉक्टर सुई घेऊन आला तर रायनो म्हणतो, "आधी त्याला शिवा. त्याचं लग्न ठरलंय, माझं झालंय."

पण ह्या मारामारीलाही रीत होती. मारायच्या आधी विचारायचं, दोघांनी हातमोजे टाकायचे, पडलेल्याला मारायचं नाही आणि काठी कधीच उगारायची नाही. वावगं केलंस तर पुढच्या खेपेला स्वतः समोर उभं राहून उत्तर द्यायचं. तू फारच लहान असलास तर तुझ्या वतीने तुझा थोरला गडी उभा राहील. उत्तर दिलं की विषय संपला, मग सगळे मिळून बिअर प्यायची.

रीत पाळूनही एकदा घात झाला. आर्मां नावाच्या एका गड्याला रायनोचा ठोसा डोळ्यावर बसला. तो डोळा कायमचा गेला. रायनो त्याच्या खाटेशी बसून राहिला आणि तिथून उठला तो थेट खेळ सोडूनच. विद्यापीठाच्या डीनबाई ऑस्बी ह्यांनी त्याला नोकरी दिली, तीही एका अटीवर: पुन्हा कुणावर हात उचललास तर त्याच दिवशी घरी. रायनोने ती अट देवाच्या नेमासारखी पाळली.

त्या वर्षी उरुग्वेहून फाकुंदो आला. काटकुळा, बडबड्या, डोक्यावर केसांचं टोपलं. त्याच्या आराखड्यात शिकागो होतं, न्यूयॉर्क होतं, घोड्यावरून फिरणंसुद्धा होतं.

"आणि अभ्यास?" रायनोने विचारलं.

"तो मधे मधे होईल की, सर."

"मधे मधे! बारा क्रेडिटच्या खाली गेलास तर व्हिसा रद्द. तीन जड विषय एकत्र घ्यायचे नाहीत. आणि नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगच्या सणाला वसतिगृहाला कुलूप लागतं, खानावळही बंद. त्या आठवड्यात कुठे झोपणार? चौकातल्या पुतळ्याखाली?"

फाकुंदोचं तोंड पडलं. येणाऱ्या सगळ्या पोरांचं हे चुकतंच. म्हणून तो आठवडा रायनोच्या घरी, असं सत्र आखतानाच ठरून गेलं. शेवटचं क्रेडिट कमी पडत होतं, तिथे फाकुंदोने हॉकीचा नवशिक्यांचा वर्ग घेतला. रायनोने त्याला कोट कसा घ्यावा, विमा कसा काढावा, सगळं सांगितलं. रीत तेवढी सांगायची राहिली. ह्या गावात ती पोरांना पाळण्यातच कळते, सांगायची असते हे कुणाच्या डोक्यात येणार?

नोव्हेंबरात गावातल्या पोरांबरोबर झालेल्या वर्गाच्या एका सामन्यात कोडी स्कार नावाच्या धिप्पाड पोराने फाकुंदोला रिंकभोवतीच्या फळीवर असा आपटला की त्याचा श्वास बंद झाला. धक्का नियमातला होता. कोडी पाठ फिरवून निघूनही गेला. फाकुंदो कसाबसा उठला, धडपडत मागून गेला आणि दोन्ही हातांनी काठी फिरवली. कोडी वळायला आणि काठी लागायला एकच गाठ पडली. जबडा मोडल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत गेला. बर्फावर रक्ताची लांब रेघ उमटली.

दुसऱ्या दिवशी डीनबाईंनी रायनोला बोलावलं. "स्कारांनी पोलिसांत तक्रार केली तर मुलाला घरी पाठवावं लागेल. सत्र बुडेल. त्याच्या विद्यापीठाची शिष्यवृत्तीही जाईल."

रायनो थेट कोडीच्या थोरल्या भावाच्या गॅरेजात गेला. हा ब्रेंट म्हणजे दारात मावत नाही असा माणूस.

"तक्रार करू नकोस. पोराला रीत ठाऊक नव्हती. उत्तर मी देतो."

"तू? ए म्हाताऱ्या, मरशील!"

"ते मी बघतो. थँक्सगिव्हिंगला दुपारी, गावच्या सामन्याआधी."

त्या दुपारी रायनोच्या घरी टर्की भाजत होती. बायको व्हर्ना ओव्हनसमोरून म्हणाली, "हात उचललास तर नोकरी गेली, रायनो. नाही उचललास तर तू गेलास. नक्की काय आखलंयस?"

"हातमोजे काढायचेच नाहीत."

"वा! काय पण डोकं!"

रिंकवर अर्धं गाव जमलं होतं. कोडी तारांनी बांधलेला जबडा घेऊन पहिल्या रांगेत नळीने सूप ओढत होता. स्केटसकट सगळा पोशाख चढवून आलेल्या फाकुंदोला बाकावर बसवून रायनोने बजावलं, "इथून हलायचं नाही."

ब्रेंटने हातमोजे टाकले. रायनोने टाकले नाहीत, "माझं उत्तर हेच, मार," म्हणत हात खाली सोडून तो उभा राहिला. पहिला ठोसा गालावर बसला आणि बसवलेले दात बर्फावर घरंगळत गेले. दुसऱ्याने भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. तिसऱ्याला तो गुडघ्यावर आला. ब्रेंट रीतीचा माणूस, त्यामुळे तो थांबला. रायनो फळीला धरून उठला. पुन्हा ठोसा, नाकाने आणखी एकदा विचार बदलला. रायनो पडला आणि पुन्हा उठला.

"हात उचल ना, गाढवा!" ब्रेंट ओरडला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "असं कसं मारू मी?"

"काठीएवढं झालं नाही अजून," रायनो बोळक्या तोंडाने म्हणाला. "मार."

ब्रेंटने मारलं. रायनो उताणा पडला आणि ह्या वेळी त्याच्याने उठवेना. एका कोपरावर येई आणि घसरे. व्हर्नाने तोंड फिरवलं.

तेवढ्यात बाकावरून फाकुंदो बर्फावर उतरला. स्केटवर नीट उभं राहणं त्याला अजून जमत नव्हतं. दोनदा आपटला, उरलेलं अंतर रांगत आला. रायनो आणि ब्रेंट ह्यांच्या मधे तो उभा राहिला, शिरस्त्राण काढून फेकलं आणि हातमोजे टाकले.

"काठी माझी होती," तो म्हणाला. "ह्यांची नाही."

"माघारी जा, मूर्खा!" रायनो खालून गुरगुरला.

"तुम्ही गप्प बसा, सर."

ब्रेंटने त्याच्याकडे बघितलं. "तयार आहेस?"

फाकुंदोने मान हलवली. ब्रेंटने एकच ठोसा मारला, तो अगदी मन लावून. फाकुंदोच्या नाकाचा काडकन आवाज झाला आणि तो सपशेल आडवा झाला. मग पहिल्या रांगेतून ठक, ठक असा आवाज आला. कोडीला बोलता येत नव्हतं, तो काठी फळीवर आपटत होता. हॉकीवाल्यांची ती शाबासकी. पाठोपाठ सगळ्यांच्या काठ्या वाजल्या. ब्रेंटने वाकून पोराला एका काखेत उचललं, दुसऱ्या हाताने रायनोला ओढलं आणि दोघांना बाकावर नेऊन बसवलं. विषय संपला. पोलिसांकडे कुणी गेलं नाही.

संध्याकाळी टर्की ब्रेंटनेच कापली. व्हर्नाने गोठवलेल्या मक्याच्या दोन पिशव्या दोघांच्या तोंडावर दाबून धरल्या होत्या. डीनबाईंचा फोन आला.

"रायनो, हात उचललास का?"

"नाही, बाई."

"एकदासुद्धा?"

"बर्फावरून उठायला उचलला होता. तेवढा धरायचा का?"

 "नाही," म्हणत बाईंनी फोन ठेवला.

रायनोने मक्याची पिशवी बाजूला केली आणि सुजल्या डोळ्याने फाकुंदोकडे पाहिलं. त्याचं नाक झकास उजवीकडे वळलं होतं. "आता राहिलं हॉकीचं ते एक क्रेडिट," रायनो म्हणाला, "सोमवारी स्केटिंगची परीक्षा आहे. आणि तुला अजून उभंसुद्धा राहता येत नाही, गाढवा."